मडक्यासमोरचा चेहरा

माझं माहेर काटोलकडलं, लहानसं गाव, तिथं माझी माय लग्नाकार्यात लांब रोट्या करायची न मी तिच्या बाजूले बसून शिकली, शिकली म्हणजे काय, कोणी शिकवलं नाई, पाहून पाहून हातात आलं. लग्न करून नागपुरात आली, लकडगंजच्या मागं एका खोलीत संसार मांडला. आमचे हे आरामशीनवर लाकूड चिरायच्या कामाले होते, तिथले लाकडाचे तुकडे पोत्यात भरून आणायचे न त्याच्यावरच माझं मडकं तापायचं. आता हे नाईत, पण तुकडे अजून तिथूनच येतात, म्हणजे परवापरवापर्यंत येत होते, ते पुढं सांगते.

लांब रोटी तुम्ही खाल्ली असंल, करताना पाहिली का? कणीक इतकी सैल भिजवा लागते का हातातून ओघळंल, मग ती दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, झुलवत झुलवत मोठी करायची न पालथ्या मडक्यावर टाकायची, ओढणीसारखी पातळ. आधी हे काम मांडवाच्या मागं व्हायचं, कोणी पाहत नव्हतं. आता केटररवाल्यांनी ते पुढं आणलं, पाहुणे ताट घेऊन उभे राहतात, मोबाईलमध्ये फोटो काढतात. मले ते आवडायचं, खोटं काहून बोलू. लोक म्हणायचे, काकू, एक अजून टाका.

तर काय सांगू तुम्हाले, मागच्या थंडीत नाकाच्या दोन्ही बाजूनं लाल व्हायले लागलं. मग भुवयांत, मग कपाळावर केसांपाशी. वरून पांढरे पापुद्रे, न खाज अशी का जीव नको. शेजारची म्हणाली उष्णता आहे वं, सब्जा पी. माझी सून मंदा, माझ्यासंगंच रोट्यांच्या कामाले येते, ती म्हणाली, आई, वांगं बंद करा. दुसरी एक म्हणाली, नजर लागली, लई फोटो काढतात न तुमचे. मी वांगं सोडलं, सब्जा प्याली, मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. मले वाटलं चामडी सुकली, म्हणून पापुद्रे निघतात, तर रोज खोबऱ्याचं तेल चोपडायची. तसंही आम्ही रोटीवाल्या बाया जाळापुढं बसायच्या आधी डोक्याले भरपूर तेल लावतो, धूर न पीठ केसांले चिकटू नये म्हणून, माझी माय लावायची, मीही लावते. कपाळावरून ओघळंस्तोवर.

न एक दिवस सदर मोहल्ल्यातल्या एका लग्नात ते झालं. हात कोपरापर्यंत कणकेत, समोर लाईन लागलेली, न भुवईत अशी खाज सुटली का डोळ्यांतून पाणी. हात तर लावता येत नाई. मी मान वाकवून दंडावर चेहरा घासला, एकदा, मग पुन्हा. समोर एक बाई उभी होती, चांगला शालू नेसलेली, तिनं माझ्याकडं पाहिलं, मग रोटीकडं, न ताट घेऊन हळूच दुसऱ्या लाईनीत गेली. तिच्या मागची दोघं तिघंही गेली. केटररवाला पोरासारखाच माझा, तो आला न म्हणाला, काकू, तुम्ही आज मागं कणीक पाहा, पुढं मंदाले बसू द्या.

मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब आणली. लावली तर चेहरा दोन दिवसांत साफ, मी म्हटलं झालं माझं काम. सोडली का डबल येई, लाल लाल, आग होई. मग पुन्हा लावायची. असा उन्हाळा गेला. मंदा म्हणे, आई, तुमची चामडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होऊन राहिली, आता पुरे करा. तिनंच मले ओढत रामदासपेठेत चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं.

मी आत गेली न पहिलं हेच विचारलं, बाई, हा महारोग तर नाई? कोड तर नाई? ती म्हणाली, नाई आजी, डोक्यात जो कोंडा होतो तोच चेहऱ्यावर उतरला आहे, हात लावल्यानं कोणाले होत नाई. मग तिनं काय काय विचारलं, साबण कोणता, तेल किती, चुलीत काय जाळता. मी म्हटलं, आरामशीनचे तुकडे. रंग-पॉलिशवाले पण? म्हटलं, जे भेटंल ते. ती म्हणाली, तेलानं हा कोंडा वाढतो, जाळानं, घामानं पेटतो, त्या धुरानंही त्रास होत असंल, पक्कं सांगता येत नाई, बंद करून पाहू. ट्यूब पाहून मात्र रागावली. ही मनानं घ्यायची वस्तू नाई म्हणे, ह्यानंच चामडी पातळ होते, कशी सोडायची ते मी सांगीन. औषधाचा शाम्पू दिला, डोक्याले न भुवयांले फेस लावून थोडा वेळ ठेवायचा न धुवायचा. साधं मलम, सौम्य साबण, नखं लावायची नाई. म्हटलं, बरं होईल न? म्हणाली, दबून राहील आजी, थंडीत, टेन्शनमध्ये पुन्हा डोकं काढंल.

बरंच दबलं. मी केटररवाल्याले जाऊन सांगितलं, हे पसरत नाई, डॉक्टरीण बोलली. तो म्हणाला, काकू, मले मान्य आहे, पण हजार पाहुण्यांले कोण सांगत बसंल?

मग दिवाळीनंतरच्या लग्नात मंदाच्या रोट्या फाटून राहिल्या होत्या, लाईन वाढली, तो धावत मागं आला. काकू, चला पुढं, फक्त मास्क बांधा. मी म्हटलं, नाई गा बाबू, जाळापुढं मास्क बांधला तर घामानं माझा चेहरा पुन्हा सोलून निघंल. न मी काही लपवायसारखं केलं नाई. येईन तर अशीच येईन. तो एकटाच परत गेला. त्या दिवशी पाहुण्यांनी फाटक्या रोट्या खाल्ल्या. त्यानंतर त्याचा फोन नाई. मंदा दोन दिवसांनी म्हणाली, बांधला असता आई, घडीभराचा तर सवाल होता. तिचंही चूक नाई. मले रात्री वाटतं, बांधायले पायजे होता का.

आता संध्याकाळी घरापुढंच मडकं मांडते. बाभळीचं कोरडं लाकूड विकत घेते, तेल बंद, दोन रोट्या झाल्या का तोंड बाजूले करून वारा घेते. थंडी लागली न, ह्या भुवईत पाहा, पुन्हा आलं आहे. नवीन गिऱ्हाईक चेहऱ्याकडं पाहतं, तोंडानं विचारत नाई, तर मीच सांगते, कोंडा आहे बाबा, कोणाले होत नाई. कोणी थांबतं. कोणी मोबाईल कानाले लावून निघून जातं. जाऊ दे, त्याच्या घरीही कोणीतरी गरम रोटी टाकत असंल, त्याचं पोट भरो.