रात्री सोबत कोण?

दोरे ओढून गाल वर घेतले तर प्रभाताईंना दीड-दोन वर्षांचा फायदा होता. मोठी शस्त्रक्रिया केली तर दहा वर्षांचा. म्हणून मोठीच करायची, असं ठरवून त्या गुडगावच्या क्लिनिकात आल्या होत्या. शेजारच्या सोफ्यावर मायलेकी भांडत होत्या, इकडे मराठी कुणाला कळतंय अशा बिनधास्त आवाजात.

"आई, दोरेच घे ना. संध्याकाळी घरी."

"आणि दोन वर्षांनी पुन्हा लोंबले की? एकदाच काय ते होऊ दे."

"मग रात्रभर मी उशाशी बसणार आणि तू घोरणार!"

"तुझ्या बाळंतपणात मी नव्हते बसले?"

"बरं बाई. त्या निळ्या साडीतल्या बघ. यांना कशाला हवंय हे?"

"नवऱ्याचा हट्ट असेल. नशीबवान असतात एकेक."

प्रभाताईंनी मासिकात तोंड लपवलं. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी आली.

"मैडम, बड़ी सर्जरी में रात को साथ कौन रुकेगा?"

"कोई होना ज़रूरी है?"

"बिल्कुल. पति, बेटी, कोई भी."

"फिर धागेवाला कर दीजिए."

लेकीनं उत्सुकतेनं विचारलं, "आंटी, आपने क्यों बदल दिया?"

मराठी अगदी ओठांवर आलं होतं. पण मग आपण मघाचं सगळं ऐकलं, हेही त्यांना कळलं असतं.

"हमारे साहब की यही ज़िद है," प्रभाताई हसून म्हणाल्या.

"बघ! म्हटलं नव्हतं?" आई लेकीला म्हणाली.

आईला दहा वर्षं मिळाली, त्यापायी लेकीची एक रात्र गेली. प्रभाताईंची आठ वर्षं बुडाली, आणि केव्हाच वारलेल्या साहेबांना उगीच हट्टाचा आळ घ्यावा लागला.