बावीस शुभेच्छुक

फ्लेक्सचं नाव काढू नकोस यार! लॉच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेजात पहिली आले, तर गोवंडीत आमच्या गल्लीच्या तोंडावर हा एवढा फ्लेक्स लागला. कोपऱ्यात काळ्या कोटातली मी, बाकी बावीस शुभेच्छुकांचे फोटो.

आठवड्याने फीमाफीचा फॉर्म घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेले. क्लार्क मॅडम आमच्याच भागातल्या. उत्पन्नाचा दाखला बघून म्हणाल्या, "फ्लेक्सला पैसे आहेत, फीला नाहीत होय?"

"मॅडम, तो आम्ही नाही, त्या शुभेच्छुकांनी लावलाय."

"मग फी पण त्यांच्याकडेच माग ना!"

"सगळ्यांकडे जाऊन आले. एकवीस जण म्हणाले, उद्या ये."

"आणि बाविसावा?"

"त्याने विचारलं, तू कोण गं?"

मॅडमनी फॉर्मवर शिक्का मारला.