मास्तरांची लाइन मी ठेवली

मंडळी, भाभी, मास्तरांच्या दोन्ही लेकींनो,

मला बोलायला लावू नका, असं सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना हात जोडून सांगितलं होतं. ऐकलं न्हाय त्यांनी. माझा हात बोलतो, तोंडाला सवय न्हाय. सांभाळून घ्या.

मी तुळजापूरच्या तार ऑफिसातला. गुलाब मास्तर तुमच्या ह्या गावचे पोस्टमास्तर. अकरा वर्षं रोज सकाळी दहाला मी तारेवर विचारायचं, लाइन चालू हाय का? मास्तरांनी उलट विचारायचं, चालू हाय, तुमचा चहा झाला का? दुसऱ्यांना नुसतं कट्ट, कडकट्ट. मला मास्तर बोलताना ऐकू यायचे. तोंड मात्र मी आज बघतोय. ह्या फोटोत.

दुष्काळात टँकर, चारा, समदं ह्याच तारेवर मागितलं त्यांनी. एकदा मी म्हणलं, मास्तर, दम घ्या, पाणी तरी प्या. म्हणाले, अहो, तेच तर मागतोय!

मग इथं सोसायटीत फोन आला. आमच्याकडं तार आपोआप छापणारा टेलिप्रिंटर आला. कडकट्टची भाषा येणारा ऑफिसात मी एकटा उरलो. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, जुन्या तारेवर एकच गाव राहिलंय. लाइन ठेवायची का काढायची? तुम्ही सांगाल तसं वर कळवतो.

मी म्हणलं, ठेवा साहेब. फोन बंद पडला तर? पुन्हा दुष्काळ पडला तर? लई कारणं दिली. साहेबांना पटली.

ती कारणं खोटी होती. माझी बायको जाऊन तवा वर्ष झालं होतं. घरात कुणी न्हाय. ऑफिसात ज्याला त्याला आपलं काम. दिवसभरात माझी विचारपूस करणारा माणूस एकच, तो ह्या टोकाला. ती लाइन काढली असती, तर मी कुणाशी बोलणार होतो?

मास्तरांनी बदलीचा अर्ज केला होता. सोलापूरला, भाभींकडं, लेकींकडं. तीनदा केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. लाइन चालू आहे, तिथं जुनी तार जाणणारा दुसरा माणूस नाही, अर्ज नामंजूर. तिसऱ्या वेळी मास्तरांनी मला तारेवर विचारलं, कोण हो म्हणलं असंल, ही लाइन पायजे म्हणून?

मी काय सांगितलं? म्हणलं, काय ठाऊक, मास्तर.

साहेबांकडं जाऊन मला खरं सांगता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. न्हाय गेलो. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत तीन वर्षं काढली.

परवा दहाला विचारलं, उत्तर न्हाय. अकरापर्यंत टिचकवत बसलो. मग सोसायटीला फोन लावला. एका झटक्यात लागला. तुम्ही लोक गेलात, दार तोडलंत. मास्तर बिछान्यातच गेले होते. जवळ कुणी न्हवतं.

भाभी, ती लाइन मी ठेवली. मास्तरांना इथं मी अडकवलं. माफी मागायला माझं तोंड न्हाय. पण कुणामुळं, हे तुम्हाला कळायला पायजे.

मंडळी, आता उठू या. दोन मिनिटं मास्तरांसाठी शांत राहू.

भाभी, माझ्यासंगं उभं राहणं तुम्हाला नको वाटलं, तर तसं सांगा. मी बाहेर जाऊन उभा राहतो.

मास्तर, सलाम.