तीस सेकंदांचं घड्याळ

(ब्लॅक फॉरेस्टमधलं एक लहान गाव, जर्मनी, ऑगस्ट १९३९. म्हाताऱ्या घड्याळजीचं स्वयंपाकघर. कारखान्याची जेवणाची सुट्टी.)

बुर्गा : आधी दाराला कडी घालू द्या, बाबा. आणि ते सूप सरकवा बाजूला. हे बघा.

सेवेरीन : रुमालात काय बांधून आणलंस? कारखान्यातलं? अगं, वेड लागलंय का तुला? फाटकावर झडती घेतात ना?

बुर्गा : अंबाड्यात खोवून आणलं. एकच्या भोंग्याआधी ते माझ्या तबकात परत पाहिजे. एकला मोजणी असते.

सेवेरीन : लेकीनं बापाच्या घरी चोरीचा माल आणावा!

बुर्गा : माझी अकरा यंत्रं तपासणीतून परत आली. सगळी एकोणिसाव्या सेकंदाला अडतात. हे बारावं. मुकादम म्हणाला, आणखी एक अडलं तर नावापुढे ‘घातपात’ लिहीन. गेल्या महिन्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या लिओनीच्या नावापुढे लिहिलं होतं. ती अजून घरी आलेली नाही.

सेवेरीन : भिंग दे इकडे… काम सुबक आहे. पण तबकडी कुठाय? काटे?

बुर्गा : याला नसतात.

सेवेरीन : किल्लीचं भोक?

बुर्गा : तेही नसतं. तपासताना आम्ही हत्यारानं पिळून घेतो. एकदा बाहेर गेलं की पुन्हा चावी द्यायची नसते.

सेवेरीन : चालतं किती वेळ?

बुर्गा : तीस सेकंद.

सेवेरीन : आणि तीस सेकंदांचं घड्याळ कुणाला लागतं, बुर्गा?

बुर्गा : आम्हाला ‘मापयंत्र’ म्हणायला सांगितलंय.

सेवेरीन : मी काय विचारतोय?

बुर्गा : तोफेच्या गोळ्याला लागतं. उडाल्यावर किती सेकंदांनी फुटायचं, ते हे ठरवतं. झालं समाधान? हॉलमधल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. बोलत कुणीच नाही.

सेवेरीन : घेऊन जा ते. चाळीस वर्षं जे घड्याळ दुरुस्त केलं, त्याच्या आत माझं नाव आणि तारीख कोरली. पुढे कुणी उघडलं तर कळावं, कुणाचा हात लागला होता. याच्या आत काय कोरू?

बुर्गा : मोठे आलेत नाववाले! ते तीन हिवाळे विसरलात? तिकडे अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि इथे आपली चूल विझली. पाठवलेली घड्याळं पेट्यांसकट परत आली. बटाट्यांच्या बदल्यात घड्याळ द्यायचात तुम्ही. शेवटी एकेका शेतकऱ्याकडे तीन-तीन झाली. गोठ्यातसुद्धा आपलं घड्याळ टांगलेलं होतं.

सेवेरीन : गाईंना वेळ कळायला लागली होती.

बुर्गा : हसू नका. आई त्याच थंडीत गेली. आणि चौकात पक्षाची ती प्रचाराची गाडी आली, ‘काम आणि भाकरी’ ओरडत, तेव्हा सगळ्यांत पुढे कोण उभं होतं?

सेवेरीन : मीच. मतही मीच दिलं. जो काम देईल तो आपला, म्हटलं. बाकीचं ते बोलायचे, ती तोंडाची वाफ वाटली मला.

बुर्गा : मग? दिलंच ना काम?

सेवेरीन : दिलं की. पुढच्या मतपत्रिकांवर मात्र त्यांच्याशिवाय दुसरं नावच नव्हतं. आणि हे असलं काम… दार वाजतंय. कोण असेल?

बुर्गा : मोसमान असणार, पक्षाचा वस्तीप्रमुख. बाबा! बोलता बोलता तुम्ही उघडलंत ते! चाकं सुटी केलीत!

सेवेरीन : आता जोडायला वेळ नाही. दार उघड. न उघडलं तर जास्त संशय येईल.

मोसमान : भरदिवसा कडी? आणि काका, मी दारात आलो की आधी हात वर करून नेत्याचा जयजयकार करायचा असतो. किती वेळा सांगायचं?

सेवेरीन : हातात चिमटा आहे, पोरा. वर केला तर स्प्रिंग तुझ्या डोळ्यात जाईल.

मोसमान : बुर्गा, तू घरी कशी? तुमचं कँटीन आहे ना?

बुर्गा : बाबांना सूप द्यायला आले. निघालेच आता.

मोसमान : ही रेशनची कार्डं. मांस, साखर, साबण, सगळं आता यावरच. सही करा.

सेवेरीन : युद्ध होणार नाही म्हणत फिरतोस, मग कार्डं कशाला?

मोसमान : खबरदारी. असले प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारू नका, काका. मी होतो म्हणून ऐकून घेतलं.

सेवेरीन : तू बुटांच्या नाड्या विकत फिरायचास, तेव्हाही मी तुझं ऐकून घ्यायचो.

मोसमान : म्हणून तर सांगतोय. तेव्हा या गल्लीत कुणी माझ्यासाठी दार उघडत नव्हतं. आता उघडतात… हे कसलं यंत्र?

सेवेरीन : पाद्रीबाबांचं खिशातलं घड्याळ.

मोसमान : याला तबकडी कशी नाही?

सेवेरीन : तबकडी पुसायला काढलीये. बसतोस का? सगळं समजावून सांगतो, तासभर लागेल.

मोसमान : अजून चाळीस घरं आहेत मला. चला. नेत्याचा जयजयकार!

बुर्गा : जयजयकार… गेला. बाबा, एकला बारा मिनिटं आहेत. जोडा ते, मी पाया पडते तुमच्या.

सेवेरीन : आणि हे चांगलं चाललं तर कुणाचं तरी पोर मरेल.

बुर्गा : आणि अडलं तर? गोळा वर फुटला नाही, तर खाली येऊन फुटतो. खाली तोफेपाशी माझा एगोन आहे, बाबा. तुमचा नातू. काल पत्र आलं, विमानांवर मारा करणाऱ्या तोफेवर नेमलंय त्याला.

सेवेरीन : हे आधी का नाही बोललीस?

बुर्गा : बोलले असते तर खरं झालं असतं.

सेवेरीन : …तिसऱ्या चाकाच्या दात्याला कंगोरा राहिलाय. एवढुसा. कानशीचा एक हात. झालं. चिमट्यानं पीळ त्याला. मोज.

बुर्गा : सतरा. अठरा. एकोणीस… वीस. गेलं पुढे! अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. थांबलं.

सेवेरीन : केवढं चोख काम करतात गं हे हात. लाज वाटते मला यांची.

बुर्गा : द्या. आता सुई कशाला घेतलीत?

सेवेरीन : नाव कोरायला. सवयीनं उचलली.

बुर्गा : यात नको, बाबा. सापडलं तर दोघंही जाऊ.

सेवेरीन : कुणाला सापडणार? हे घड्याळ पुन्हा कुणी उघडत नाही.

बुर्गा : पहिला भोंगा झाला. निघते मी.

सेवेरीन : पळ. अंबाडा नीट बांध… आणि बुर्गा, त्या अकरांचंही तिसरं चाक बघ. तिथेच अडत असणार.