अद्याप कुणाचाही नाही

...आणि वर घरचे मलाच म्हणतात, तुझ्या फॉर्मापायी गेला! तुम्हाला सांगतो, मी पिल्लाला नाही म्हटलंच नव्हतं. मी एवढंच म्हणत होतो की कुत्रं पाळणं ही बारा-चौदा वर्षांची जबाबदारी आहे, घाई करून चालत नाही. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलाने स्वतःच्या घरात एवढंही म्हणू नये? मेच्या अखेरीस माझ्या धाकट्या बहिणीच्या, शमिकाच्या, मागोमाग ते तांबडं पिल्लू मांडवीच्या वाळूतून आमच्या पडवीपर्यंत आलं, आणि मी त्याच दिवशी सव्वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली: आपलं घर कुत्रं पाळायला तयार आहे का? प्रश्न सातवा, घर रोज किती तास रिकामं असतं? आई मासळीबाजारातून आलेली, हाताला खवले तसेच, म्हणते, "मेल्या, त्याला भूक लागलीय आणि तू मला पेपर सोडवायला बसवतोस?" बाबा होडीवर असतात, बोलतात कमी, त्यांनी सव्वीसच्या सव्वीस प्रश्नांपुढे एकच उत्तर लिहिलं, "बघू." आता "बघू"ला गुण किती द्यायचे, तुम्हीच सांगा.

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या, बाबा दिवसभर घरी. ते जाळं दुरुस्त करतायत, आणि पिल्लू दोऱ्याचं दुसरं टोक चावतंय. शमिका म्हणाली, "दादा, झालं ना घर तयार?" मी म्हटलं, नाही, हा काळ प्रातिनिधिक नाही; बंदीत सगळेच घरी असतात, निष्कर्ष फसवा निघेल; नारळी पौर्णिमेनंतर बाबा समुद्रावर गेले की पुन्हा निरीक्षण करू, घाई करून चालत नाही. तोवर नाव ठेवायचं नाही, कारण नाव ठेवलं की माणसाचं मत एका बाजूला झुकतं. आणि काय सांगू तुम्हाला, ऐकलं हो सगळ्यांनी... शिकलेला मुलगा सांगतोय म्हणून ऐकलं. अडीच महिने आई त्याला "ए, तू" म्हणायची. "ए तू, आत नको येऊस, दादाचं ठरलं नाही अजून." आणि ते उंबऱ्याबाहेर बसून राहायचं. घाई करून चालत नाही, हे आमच्या घरात फक्त त्यालाच पटलं होतं.

नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडून आम्ही परतलो, तर बुरोंडीचा दीपेश बाबांचं जुनं जाळं न्यायला आलेला, पडवीत बसून पिल्लाची मान खाजवतोय. म्हणाला, "काका, हा कुणाचा ओ? कुणाचा नसंल तर मी नेतो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं. शमिकानेही. एक शब्द पुरे होता हो... "आमचा." पण निरीक्षण बाकी, प्रश्नावली अपुरी, खोटं कसं बोलायचं? मी म्हणालो, "अद्याप कुणाचाही नाही." टेम्पोत जाळ्याच्या ढिगावर बसून गेला तो. मागून हाक मारावी, तर आमच्याकडे नावही नव्हतं.

होडीवर जाताना बाबा एकच वाक्य बोलले, "बघू म्हणजे हो असतं रे."

मग मी बसून सव्वीस उत्तरं पूर्ण केली. निष्कर्ष: घर तयार आहे. ती फाइल घेऊन गेल्या रविवारी एसटीने बुरोंडीला गेलो. दारात दीपेशची आई, सोनूबाई. मला ओळखत नाहीत, दीपेश समुद्रावर. तेवढ्यात शेपटी हलवत तो आला, कान आता उभे झालेत त्याचे, माझा पाय हुंगला आणि त्याच पायावर बसला. सोनूबाई म्हणाल्या, "तुम्ही ह्याचे कोण?"

तुम्हाला सांगतो, मी नेमका शब्द शोधत राहिलो... अशा वेळी घाई करून चालत नाही. त्यांनी माझ्या हातातली फाइल पाहिली आणि त्यांचं त्यांनीच ठरवलं. "जनावरं मोजायला आलात काय? मग लिवा. एक कुत्रा, दोन मांजरं. ती गाय शेजारच्या सगुणाची, आमची नाय."

लिहून घेतलं. मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव घातलं, सहीसुद्धा घेतली. काय करणार, नोंद बिनचूक हवी.