पुठ्ठ्याचा पियानो

कीर्तनाच्या पूर्वरंगात आपण देहाचं मोल काढलं. आता, मंडळी, ऐका — पुठ्ठ्याचं मोल काढू! हसता काय? प्रश्न गंभीर आहे! पुठ्ठ्याच्या तुकड्यांना पाच हजार मोजणारा माणूस शहाणा की खुळा? मनात ठरवून ठेवा, शेवटी विचारणार आहे.

इचलकरंजीत शशिकांतराव हुपरीकर नावाचे गृहस्थ. खोक्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं फोरमन! त्यांच्या लेकीला, दहा वर्षांच्या मैथिलीला, मामानं एक संच पाठवला. व्हिडिओ गेमला जोडायचा, पण घरीच बनवायचा. पुठ्ठ्याच्या घड्या घालायच्या, पियानो उभा करायचा, पोटात गेमचं यंत्र खोचायचं — पट्टी दाबली की सूर! पेटीवाले, दचकू नका, तुमची नोकरी शाबूत आहे!

शशिकांतरावांनी किंमत वाचली आणि ओरडलेच. "पाच हजार? पुठ्ठ्याला? अगं, एवढ्यात टेंपो भरून देतो की मी!"

बायको सुलक्षणा म्हणाली, "टेंपो वाजत नाही हो. हॉर्न सोडला तर."

तीन दिवस मैथिली घड्या घालत बसली. रोज म्हणायची, "बाबा, या ना!" बाबा म्हणायचे, "दिवसभर पुठ्ठा, घरी आल्यावर परत पुठ्ठा?" चौथ्या दिवशी पियानो झाला. शाळेला जाताना ती आईला म्हणाली, "पहिलं गाणं बाबांना ऐकवणार. यंत्र कपाटात ठेव."

आता गंमत ऐका! त्या दिवशी शशिकांतराव दुपारीच कामावरून आले. समोर उभा पुठ्ठा! आणि खोकीवाल्या माणसाचा हात कसा असतो? उभं रिकामं खोकं दिसलं की त्याला गप्प बसवत नाही! अंगठा घातला, सांधा उसवला, गुडघा दिला — चपटं! वर सुतळीची गाठ! गठ्ठा छान झाला, म्हणून त्यावरच टेकून चहा प्यायला लागले.

मैथिली आली. "बाबा, माझा पियानो कुठाय?"

"कुठला पियानो?"

"तुम्ही बसलाय त्यावर!"

अरे रे रे! पोरगी रडली नाही हो. रडली असती तर बरं, असं झालं त्यांना.

"थांब, बनवून देतो! बावीस वर्षं काय केलं मी?" असं म्हणून भिडले. अर्धा तास खटपट! आणि झालं काय? सांगा की! — खोकं! चार भिंती, वर झाकण. एकदम मजबूत. फक्त वाजत नव्हतं.

तेव्हा मैथिली खुदकन हसली. "बाबा, मी सांगते तशी घडी घाला." मग मालकाचं न ऐकणारा तो फोरमन मांडी घालून बसला. "आतून, बाबा. अंहं, उलटी नको!" "बरं, बाई." चार तास! फाटलेल्या पट्टीला त्यांनी कारखान्याची चिकटपट्टी लावली. यंत्र आत गेलं. मैथिलीनं गाणं वाजवलं. चिकटपट्टीवाली पट्टी मुकीच राहिली, तेवढा सूर बाबांनी तोंडानं लावला — बेसूर!

सुलक्षणानं विचारलं, "मग? महाग की स्वस्त?"

"पुठ्ठा महागच आहे," ते म्हणाले. आणि हळूच मैथिलीला, "मामाला विचार, असाच पुठ्ठ्याचा मासेमारीचा गळ पण मिळतो म्हणे?"

तर मंडळी, शहाणा की खुळा? पुठ्ठा आणून पोरापुढे टाकलात आणि निघून गेलात, तर ती पाच हजारांची रद्दी! बरोबर बसलात, तर मग भाव करू नका. आणि पाच हजार नसतील तर? कीर्तन संपल्यावर प्रसादाची खोकी रिकामी होतीलच, घेऊन जा! पण घरी जाऊन आधी बघा — कोपऱ्यात काहीतरी वेडंवाकडं उभं असेल. गुडघा द्यायच्या आधी खाली बसा आणि विचारा, "बाळ, हे काय बनवलंयस?"