चोरओटीची दुपार

—नाही काकू, चहा नको, तुम्ही फक्त गॅसवर पाणी ठेवा. ह्या शेकायच्या पिशवीत घालायला. उकळायचं नाही हां, बुडबुडे यायला लागले की बंद करा, नाहीतर रबर फाटतं, माझी एक फाटलीये तशी. आणि मी जरा आडवी होऊ का इथे दिवाणावर? बसवतच नाहीये. खाली एखादं जुनं फडकं टाका आधी, तुमची चादर पांढरी आहे, माझा काही भरवसा नाही. बघताय काय अशा, बरोबर ऐकलंत. पाळी आलीये मला. आज सकाळी. आणि वर आमच्याकडे पाट मांडलाय, रांगोळी काढलीये, पाच वाजता माझी चोरओटी आहे. तिसरा महिना आहे म्हणे मला.

नाही नाही, डॉक्टरला नका फोन करू. पडलं-बिडलं काही नाही, होतंच कुठे काय पडायला. सांगते ना, सगळं सांगते, आधी ते पाणी बघा. हां, द्या. अगं आई गं— नाही, गरम नाहीये जास्त, बरोबर आहे, मला असंच लागतं, चटका बसला की बरं वाटतं, तेवढा वेळ आतलं विसरायला होतं. हे बघा, पोट बघा माझं. घाबरू नका, भाजलेलं नाहीये, रोज रोज शेकून असे जाळीजाळीचे डाग पडलेत. ऋतुराज म्हणतो, सोनल, जरा जपून. जपून म्हणजे काय करू? हेच तर जपणं आहे माझं.

काय झालंय म्हणजे— एंडोमेट्रिऑसिस. मलाही आधी म्हणता यायचं नाही. आपल्या गर्भपिशवीच्या आत अस्तर असतं ना, जे महिन्याला गळून जातं, तसलंच माझ्या गर्भपिशवीच्या बाहेर वाढतं. तेही महिन्याच्या महिन्याला रक्त सोडतं, पण त्याला बाहेर यायला वाटच नाही, आतल्या आत राहतं, सगळं एकमेकांना चिकटतं. डावीकडे गाठ आहे, चॉकलेट सिस्ट म्हणतात तिला, नाव बघा किती गोड. शाळेत होते तेव्हापासून दुखतंय, काकू. मोहन्याला आमच्या घरी मी लादीवर पालथी पडायचे, आणि मम्मी— म्हणजे माझी आई— म्हणायची, लग्न झालं की थांबतं. लग्न झालं, डोंबिवलीत आले, तर सासूबाई म्हणाल्या, एक पोर झालं की थांबतं. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं तेव्हा मला रडू आलं, तर त्यांना वाटलं घाबरले. घाबरले नव्हते हो. कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, की आहे, दुखतंय ते खरं आहे.

तोवर माझा दवाखाना स्वयंपाकघरातच. तुम्हाला सांगते, ओव्याचं पाणी, बाळंतशोपेचं पाणी, आल्याचा रस, रात्री भिजवलेली मेथी, तिळगूळ बारा महिने, बेंबीला हिंग, एरंडेल कोमट करून पोटाला चोळायचं, वर जुन्या साडीचं फडकं, वर ही पिशवी. गुडघ्याखाली उशी. ते लहान मूल झोपतं ना ढुंगण वर करून, तसं झोपायचं, यूट्यूबवर एक बाई दाखवते. ह्यातलं कशाने बरं होतं? कशानेच नाही होत. पण दुपार निघते. एक दुपार निघाली की मग संध्याकाळ, असं करत करत ते चार-पाच दिवस ढकलायचे. आणि ते सगळं चोरून करायचं, कारण आई, म्हणजे सासूबाई, बघतील तर म्हणतील, आम्हालाही दुखायचं, आम्ही विहिरीचं पाणी शेंदलं त्या दिवसांत. त्या वाईट नाहीत काकू. तुम्ही ओळखता ना मालनताईंना. त्यांना खरंच तसंच वाटतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं कधी, तर त्या मला काय विचारणार.

मग डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज एक. पाळीच बंद करायची, म्हणजे ते आतलं पण शांत होतं. आणि झालं की हो बंद. मला कळेना शरीर एवढं हलकं असतं का लोकांचं. मी मानपाड्यापर्यंत चालत गेले एकदा, उगाच. आणि घरात काय झालं माहितीये? आमच्याकडे पाळीत देवाला शिवायचं नाही, तेवढे दिवस आई दिवा लावतात, एरवी मी. तर मी आपली रोज लावतेय दिवा. एक महिना गेला, दुसरा गेला, मी एकही दिवस बाजूला बसले नाही. त्यांनी तेवढ्यावरून ताडलं. त्यात त्या गोळ्यांनी मळमळायचं, पोट फुगायचं. झालं. एक दिवस फ्रीजमधली पपई गायब. मी विचारलं, तर माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, काही बोलू नकोस, तीन महिने झाल्याशिवाय तोंडातून काढायचं नसतं, दृष्ट लागते. मला पण सांगू नकोस, मला कळलंय.

आता सांगा, नाही म्हणायचं तर कशाला म्हणणार होते मी? कोणी विचारलंच नाही. त्यांनी मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. बोलायचंच नसतं ना. त्या बोलल्या नाहीत, मी बोलले नाही, सगळ्या घरात नुसतं हळू चालणं सुरू झालं. मी ऋतुराजला सांगितलं, तू सांग तुझ्या आईला, तुला माहितीये कसल्या गोळ्या आहेत. तो म्हणाला, सांगतो, रविवारी सांगतो. रविवारी त्या गुणगुणत होत्या पोळ्या लाटताना, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तो म्हणाला, आज नको. असे किती रविवार गेले, आणि आज तो ऑफिसला निघून गेला. चोरओटीला पुरुष नसतात ना घरात. सोयीचं झालं त्याला.

आणि मी पण गप्प बसले त्याचं खरं कारण सांगू? कळ जाऊ द्या जरा, थांबा— हां. गेली. मी गप्प बसले कारण मला पहिल्यांदा कोणी झोपू दिलं. दुपारी दोन तास दार लोटून घ्यायच्या बाहेरून. पाय चेपायच्या माझे, मी नको नको म्हणत असताना. पाळीत दुखतं म्हटलं की मी नाजूक, मी नाटकी, आणि पोटात बाळ म्हटलं की भांडं उचलू देत नाहीत. पोट तेच ना काकू? माझंच ना? मला राग यायचा त्यांचा, इतका राग, आणि त्याच वेळी वाटायचं, चेपा, अजून थोडा वेळ चेपा.

पण गंमत बघा. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने सगळं काढून घेतलं. तीळ बंद, उष्ण. मेथी बंद. ओवा बंद, हिंग बंद, एरंडेल तर नावच काढू नकोस. आणि ही पिशवी, ही तर त्यांनी कपाटात वर टाकली चादरींच्या मागे, पोटाला शेक म्हणजे बाळाला ताप. माझे जेवढे म्हणून उपाय होते ना, तेवढे सगळे पोटुशीला वर्ज्य. आज सकाळी कळ आली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले, ओव्याची बरणी हातात घेतली, आणि त्या मागे उभ्या. बरणी घेतली माझ्या हातातून, प्रेमाने घेतली हो, म्हणाल्या, आज तर नकोच. मी संडासात जाऊन टॉवेल दातात धरून बसले. मग त्या मम्मीला आणायला रिक्षास्टॅंडवर गेल्या तेव्हा स्टूल लावून पिशवी काढली. स्टुलावर चढले म्हणून ओरडतील परत.

हो, मम्मी पण येतेय. येतेय काय, एव्हाना आली असेल वर. मोहन्याहून एकटीच आली, हिरवा खण आणि नारळ घेऊन. तिलाही मी सांगितलेलं नाही. आईंनीच फोन केला परस्पर, तुमची लेक लाजते म्हणाल्या.

गोळ्या? संपल्या म्हणून हे झालं, बाकी काही नाही. आता मेडिकलमध्ये जायचं म्हणजे—

संपल्या नव्हत्या. तुमच्यापासून काय लपवायचं, एवढं सांगितलंय. पाकीट आहे अजून पर्समध्ये, अर्धं. मीच बंद केल्या. कुणी नाही सांगितलं. मला वाटलं— तुम्ही हसू नका हां— मला वाटलं गोळ्या बंद केल्या तर कदाचित राहील. आणि राहिलं तर सगळं खरंच होऊन जाईल. महिना इकडचा तिकडे, कोण बसलंय बघत, म्हणतील बाळ उशिरा आलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, मनाने थांबवू नकोस, आधी ये, बोलू, गाठ बघू. मी नाही गेले. मी रोज सकाळी उठायचे आणि पोटावर हात ठेवायचे. काहीच नाहीये हे माहीत असून. माझ्याच पोटाशी मी खोटं बोलत होते, आणि काकू, मला ते आवडायला लागलेलं. आईंनी टोपडं विणायला घेतलं तर मी लोकर गुंडाळून देत होते त्यांना. वेडी झालेले मी. मला मूल हवंय हो. नुसतं घराला हवंय म्हणून नाही. मला हवंय.

नको, पाणी नको, उलटी होईल.

मी तुमच्याकडेच का आले विचाराल ना. तुम्हाला आईंनी बोलावलं नाही आज. काका गेल्यापासून ओटीला, हळदीकुंकवाला तुम्हाला नाहीच बोलावत, मला माहितीये, मला आवडत नाही ते, मी एकदा बोलले पण होते. पण खरं सांगू, म्हणूनच आले. बाकी ज्या दारात जाईन ती बाई पाच वाजता माझ्यासमोर ताट घेऊन बसणारे. वाईट वाटलं का? वाटलं असेल तर माफ करा, आत्ता मला गोड बोलायला सुचत नाहीये.

आता एकच करा माझ्यासाठी. माझ्याबरोबर वर चला आणि म्हणा, हिला जिन्यात चक्कर आली, माझ्याकडे आणलं, आणि हिचं पडलं. एवढंच. रक्त तर खरं आहे ना काकू, ते काही मी खोटं आणलेलं नाही. दुखणं खरं आहे. तुम्ही शाळेत शिकवलंय, तुमच्या शब्दाला किंमत आहे, तुम्ही म्हणालात तर कोणी उलटून विचारणार नाही. मला जवळ घेतील. मम्मी पण रडेल, आई पण रडतील, आणि मला झोपवतील, आणि शेकायला देतील परत, तेव्हा सगळं चालतं, ओवा चालतो, तीळ चालतो. मूल गेलेल्या बाईला सगळे विचारतात बरं आहे का. नुसतं दुखणारीला कोण विचारतं?

मान हलवू नका अशी. तुम्हाला काय जातं एक वाक्य बोलायला?

बरं. नका बोलू. कळलं मला. म्हणजे पुढच्या महिन्यात परत दुखेल तेव्हा मी काय म्हणू, परत पडलं? कळतंय हो, एवढी वेडी नाहीये. पण मी वर जाऊन काय तोंड दाखवू, ते सांगा ना. त्या बाईने माझे पाय चेपलेत.

फोन. त्यांचाच आहे. थांबा, गप्प बसा जरा.

हो आई. हो, जवळच आहे, शुभदाकाकूंकडे. मम्मी बसली का? तिला पंखा लावून द्या, तिला उकडतं. हो येते, साडी नेसायचीये, माहितीये. आई, एक मिनिट, तांदूळ नका काढू अजून. नाही, चक्कर नाही. आई, मला पाळी आलीये. आत्ता नाही, सकाळीच. आई. आई, रडू नका, ऐका माझं आधी. मम्मीला नका सांगू असं, थांबा—

पडलं म्हणतायत काकू. मी काहीच बोलले नाही, त्यांनीच धरून घेतलं. मला म्हणतायत, बाळा, हालू नकोस, मी येते.

आई, पडलं नाही. नाही, ऐका. नव्हतंच. पहिल्यापासून नव्हतं. गोळ्यांनी पाळी बंद होती माझी, आजार आहे मला, ऋतुराजला माहितीये. हो, त्याला माहितीये. मला खूप दुखतंय आई. आधीपासून दुखतंय, दर वेळी दुखत होतं, तुम्ही म्हणायचात ना नाटक, तेव्हापण. हॅलो. आई?

कट नाही झालाय. आहेत. मम्मीला म्हणतायत, तुम्ही बसा, मी आले.

ठेवला.

दार वाजलं बघा वर. जिन्याने येतायत, लिफ्टला थांबल्या नाहीत, गुडघे दुखतात तरी. एकट्याच आहेत वाटतं. काकू, तुम्ही आतल्या खोलीत जा. तुमचंच घर आहे, कळतंय मला, पण जा. तुम्ही समोर असलात तर त्या मला एक शब्द बोलणार नाहीत, चारचौघांत बोलायचं नसतं त्यांचं, तुम्हाला नमस्कार करतील, मला उठवतील, वर नेतील, आणि परत सगळं न बोलताच राहील. मला मारायचं तर मारू देत, पण बोलू देत. जा ना काकू.